सळया कापू का ठिऊ?

प्रति,
मा. आयुक्त, नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका
मा. आयुक्त, लातूर शहर महानगरपालिका
मा. सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्ल्यांतला तिसरा मजला आणि दहा लाखांची अट

महोदय,


मी नांदेडचा एक लायसन्स इंजिनिअर. सव्वीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढतो, फायली दाखल करतो आणि त्रुटींचे कागद घेऊन परत येतो. बाँडवर घेतलेल्या वीस बाय तीसच्या प्लॉटपासून लातूरच्या रिंगरोडवरच्या अपार्टमेंटपर्यंत सगळं केलं आहे. त्यामुळे हे पत्र साहित्यिकाचं नाही, तक्रारदाराचंही पूर्ण नाही. थोडंफार आरोपीचं आहे, ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ ऑफिसात आले. मोंढ्यात दिवाणजी आहेत. खुर्चीवर बसायच्या आत म्हणाले, “साहेब, एवढं सांगा, सळया कापू का ठिऊ?”

मराठवाड्यात हा प्रश्न कुणाला उलगडून सांगावा लागत नाही, पण मंत्रालयासाठी सांगतो. आमच्याकडे स्लॅब पडला की कॉलमच्या सळया हात-दोन हात वर सोडतात. पुढचा मजला लेकराच्या लग्नाला, नाहीतर सोयाबीनला भाव आला तर. तोवर त्या पावसात गंजत उभ्या राहतात. कुणी सिमेंटचा घोळ फासून ठेवतं, कुणी पाण्याची रिकामी बाटली उपडी घालतं. चौफाळा, देगलूर नाका, तरोडा, कुठल्याही गच्चीवर चढून बघा, सळयांचं शेत दिसेल. दिवाणजींच्या सळया अकरा वर्षांच्या आहेत. आता थोरल्याचं लग्न ठरलंय आणि कंधारहून भाऊ कुटुंबासकट शहरात यायचा आहे. वर दोन खोल्या काढल्या तर भाऊ तिथे राहील, नाही राहिला तर नीटची तयारी करणारी चार पोरं कॉट बेसिसवर ठेवता येतील.

त्यांचा प्लॉट पंचवीस बाय चाळीस, म्हणजे हजार फूट. लेआउट मंजूर, कागद स्वच्छ. तळमजला आणि पहिला मजला मिळून साडेतेराशे फूट बांधकाम आहे. वरचा मजला साडेसहाशे फुटांचा. सगळे मिळून दोन हजार होतात. आणि समोरची गल्ली आहे साडेसात मीटरची.

इथेच गाडी अडते. २ डिसेंबर २०२० ला राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो. मुंबई आणि काही मोजकी ठिकाणं सोडून सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक. चांगलं काम झालं, हे मी मनापासून म्हणतो. त्याआधी प्रत्येक गावाचा नियम वेगळा आणि प्रत्येक साहेबाचा अर्थ वेगळा होता. पण त्या पुस्तकात चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, रस्त्याच्या रुंदीला बांधलेलं आहे. महापालिका हद्दीत रस्ता नऊ मीटर किंवा जास्त असला तर मूळ १.१०, त्यावर प्रीमियम भरून ०.५० आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) ०.४०, म्हणजे २ पर्यंत जाता येतं. रस्ता जसा रुंद तसा आकडा वाढत ३ पर्यंत. आणि नऊ मीटरपेक्षा कमी असला तर १.१०, तिथेच थांबा. वर साठ टक्के अॅन्सिलरी, म्हणजे पूरक जागा, पैसे भरून मिळते. दिवाणजींचा हिशेब त्यामुळे १,७६० फुटांवर संपतो. दोनशे चाळीस फूट जास्त होतात.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नऊ मीटरचा रस्ता आहे. त्या कोपऱ्यावरच्या तेवढ्याच प्लॉटला कागदावर जवळजवळ दुप्पट बांधता येतं. फरक दीड मीटरचा. एवढ्या जागेत बुलेटसुद्धा लांबीने उभी राहत नाही.

अरुंद गल्लीत अग्निशमनाची गाडी कशी शिरणार, हा या नियमामागचा विचार मला कळतो, आणि तो चुकीचा नाही. पण नियमाने त्या गल्लीतली माणसं कमी होत नाहीत. दिवाणजी वरचा मजला बांधणारच आहेत. परवानगी नाही म्हणून बँक कर्ज देणार नाही. मग पैसा शेटजीकडून, शेकडा दोनने. परवानगी नाही म्हणून मी सही करणार नाही. मग स्ट्रक्चरचं गणित मिस्त्रीच्या अंदाजावर. अकरा वर्षं गंजलेल्या सळयांना नव्या सळया तारेने बांधल्या जातील आणि एका रविवारी, कार्यालयाला सुट्टी बघून, स्लॅब पडेल. मग घरपट्टीला शास्ती लागेल, ती थकेल, आणि निवडणुकीच्या आधी कुणीतरी ती माफ करायची घोषणा करील.

आता माझा भाग. माझ्या सहीचे नकाशे आणि उभी घरं एकमेकांना ओळखत नाहीत, अशी डझनावारी उदाहरणं मी तुम्हाला फिरून दाखवू शकतो. नकाशात ‘स्टोअर’ लिहिलेल्या जागेत गॅसची शेगडी आहे, ‘पार्किंग’ लिहिलेल्या जागेत एक नवरा-बायको आणि शिलाई मशीन आहे, ‘ओपन टेरेस’वर पत्रे पडलेले आहेत. मला माहीत होतं. तपासायला आलेल्यांनाही माहीत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून एक कागदी नांदेड बांधलं आहे, विरळ आणि नेटकं. त्यात कुणी राहत नाही.

लातूरची गोष्ट वेगळ्या कारणाने वेगळी आहे. तिथे मजला म्हटलं की जुन्या माणसांच्या पोटात अजून गोळा येतो. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं भूकंपात झोपेतच गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मदतीला गेलेल्या मुलांत मीही होतो. तिथे उंच इमारती नव्हत्याच. होती ती मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंतींची आणि वर हातभर मातीचं माळवद घेतलेली घरं. माळवद खाली आलं. तरी त्या पहाटेनंतर शहाणपण असं पसरलं की घरं लांब-लांब हवीत, बसकी हवीत.

पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी बसवली. जमीन किती त्यावर घर किती : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ, रुंद रस्ते, घरांमध्ये अंतर. नकाशावर सुंदर. पण जुन्या गावठाणात हाकेच्या अंतरावर होतं ते नव्या गावात चालून दमायच्या अंतरावर गेलं. पाइपलाइन लांबली, दिव्यांचे खांब वाढले, म्हाताऱ्या माणसांची ओसरीवरची बैठक मोडली, आणि ग्रामपंचायतीला एवढ्या पसाऱ्याची देखभाल झेपेना. लोकांनी मोकळ्या जागेत आपापल्या परीने पडव्या, खोल्या, पत्रे टाकून गाव पुन्हा दाट करून घेतलं. भूकंपानंतर लातूरचा भाग संहितेत तिसऱ्या विभागात गेला, म्हणजे स्लॅब कसा, कॉलम कसा, रिंगा किती अंतरावर, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. त्या गणिताने तीन मजले उभे राहतात. प्रश्न एवढाच की ते गणित करणाऱ्या माणसाला त्या घरात शिरायला परवानगी आहे का.

नांदेडकरांना दाट पण नीट वस्तीचा नमुना बघायला लांब जायची गरज नाही. सिडकोने वसवलेलं नवीन नांदेड बघा. लहान-लहान घरं, भिंतीला भिंत, गल्ल्या आखीव. त्या घरांवर लोकांनी मजले चढवले, खाली किराणा आणि पिठाची गिरणी आली. त्या वस्तीला झोपडपट्टी कुणी म्हणत नाही. तिथे भाडेकरूला खोली मिळते, आणि बाईमाणूस रात्री नऊला निर्धास्त चालत घरी येतं, कारण दर दहा पावलांवर कुणाचा तरी ओटा आहे.

आता मंत्रालयाकडे वळतो. परवडणाऱ्या घरांसाठी नियमावलीतलं सगळ्यात धारदार कलम सर्वसमावेशक गृहनिर्माणाचं. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात वीस टक्के घरं किंवा भूखंड दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचे, ते म्हाडामार्फत जायचे. २०१३ पासून हा नियम आहे. पण तो आणला तो दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा साडेपाच लाख, लातूर तीन लाख ८३ हजार. म्हणजे पुण्याच्या बिल्डरने गरिबासाठी घर ठेवायचं, आणि असर्जन, कौठा किंवा खाडगाव रोडला लेआउट पाडणाऱ्याने ठेवायचं नाही. आमच्याकडे गरीब कमी आहेत असा समज असेल तर एकदा सकाळी सातला मजुरांच्या नाक्यावर उभे राहा.

नियम जसाच्या तसा आणा, असंही मी म्हणत नाही. नाशिकमध्ये याच वीस टक्क्यांवरून विधिमंडळात गदारोळ झाला. मोठे भूखंड कागदावर तोडून चार हजारांच्या खाली आणल्याचे आरोप झाले. आमच्याकडे तर हे आणखी सोपं आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एकोणचाळीस गुंठ्यांचा लेआउट केला की माणूस नियमातून सुटला. आमचे लोक हिशेबाला कच्चे नाहीत. म्हणून आमच्या आकाराच्या शहरांसाठी अट लहान ठेवा : अर्ध्या एकरापासून सुरू करा, टक्का दहा ठेवा, आणि बदल्यात तेवढं चटईक्षेत्र प्रीमियम न घेता वर द्या. घेताना हात आखडला आणि देताना मोकळा ठेवला तर बिल्डर पळवाट शोधत बसणार नाही. २०२१ मध्ये तुम्ही वर्षभर सगळे प्रीमियम निम्मे केले होते. तेव्हा बदल्यात बिल्डरने ग्राहकाची मुद्रांक शुल्काची रक्कम भरायची, एवढीच अट होती. एकही लहान घर मागितलं नाहीत. एवढी मोठी सवलत, आणि तीनशे फुटांची एक खोलीही पदरात पाडून घेतली नाही. आमच्या बायका भाजी घेतानासुद्धा कोथिंबीर वरून मागतात.

माझी पहिली मागणी मात्र बिल्डरची नाही, दिवाणजींची आहे. साडेसात मीटरच्या, सहा मीटरच्याही मंजूर लेआउटमधल्या गल्ल्यांत तळमजला अधिक दोन मजले एवढी मर्यादा ठेवून वाढीव चटईक्षेत्र द्या. अटी घाला, कडक घाला. वाढीव जागेत तीस चौरस मीटरपर्यंतचीच घरं, म्हणजे पंतप्रधान आवास योजनेने सुरुवातीला दुर्बल घटकासाठी धरलेलं माप. भाडेकरार नोंदवलेला. जुन्या कॉलमची तपासणी करून माझ्यासारख्याची सही, आणि ती खोटी निघाली तर माझं लायसन्स जप्त. गल्लीच्या तोंडाशी हायड्रंट, तो महापालिकेने बसवायचा, खर्च आमच्या विकास शुल्कातून. ज्याला आणखी हवं त्याने ओटा मागे घ्यावा. रस्तारेषा ठरवायचा अधिकार महापालिका कायद्याच्या कलम २१० ने आयुक्तांना आहेच. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच फूट सोडले की साडेसातचे नऊ होतात. लोक सोडत नाहीत कारण सोडून हातात काही पडत नाही. एक मजला पडतोय म्हटल्यावर आपणहून घण घेऊन ओटा फोडणारे मी तुम्हाला दाखवतो.

आणि नियम बदलायला वर्षं लागतात असं कृपया कळवू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यातल्या कलम ३७(१कक) आणि १५४ खाली शासनाने यूडीसीपीआरमध्ये कितीदा तरी दुरुस्त्या केल्या आहेत, त्यांच्या झेरॉक्स माझ्या कपाटात दोन बॉक्सफायली भरून आहेत.

परवानगीच्या वेळेबद्दल थोडंच. कागदावर आपल्याकडे सोपं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नकाशा आणि फी भरल्याची पावती हीच परवानगी, ३०० पर्यंत दहा दिवसांत. अधिनियमात तर साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं, असंही आहे. मी एकदा ते धरून बघितलं. कुठल्या शहरातल्या कार्यालयात, ते सांगत नाही. साठ दिवस होऊन गेले, एकसष्टाव्या दिवशी पत्र दिलं, बासष्टाव्या दिवशी त्रुटी निघाली : नकाशावर उत्तर दिशेचा बाण लहान आहे. बाण मोठा केला. मग प्लॉटधारकाच्या आईचं नाव सातबारावर वेगळं लिहिलंय. ते आणलं. शेवटी तिथल्याच एका जुन्या माणसाने कानात सांगितलं, साहेब, कायद्याने घर होतं, पण बँक शिक्का मागते. खरं होतं. मानीव परवानगीवर त्या बँकेने कर्ज दिलं नाही. तेव्हा नियमात साठ दिवसांऐवजी तीस करा असं मी मागत नाही. मुदत संपली की संगणकानेच शिक्का मारून कागद बाहेर काढावा, एवढं मागतो. माणसाच्या हातात बाण ठेवू नका.

ही सोपी वाट तरी कुणासाठी? मंजूर लेआउटवाल्यासाठी. वाघी रोडला किंवा नदीकाठी बाँडवर प्लॉट घेतलेल्याला ना पावतीची परवानगी, ना घरकुल. आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण जागा नावावर लागते. असे तुकडे नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ ला त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना वाढवली. कायदा आहे, योजना आहे, मधला पूल नाही. अशा प्लॉटवाल्याला गुंठेवारीसाठी एका टेबलावर, बांधकामासाठी दुसऱ्या आणि घरकुलासाठी तिसऱ्या टेबलावर तेच आधारकार्ड द्यावं लागतं, आणि तिसऱ्यावर पोहोचेपर्यंत पहिल्यावरचा साहेब बदललेला असतो. एकच अर्ज ठेवा, एकच चलन, आणि शुल्क घरकुलाच्या हप्त्यातून वळतं करा. हे तर आयुक्तांच्या पातळीवर उद्या सुरू करण्यासारखं आहे.

आक्षेप मला तोंडपाठ आहेत. गर्दी होईल, पाणी पुरणार नाही. पाण्याचं म्हणाल तर लातूरकरांना कुणी शिकवू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलेलं शहर आहे ते. पण पाणी माणसं पितात, मजले पीत नाहीत. दिवाणजींचा भाऊ वरच्या मजल्यावर राहिला नाही तर कंधारला परत जाणार नाही. तो गावाबाहेर, पाइप पोहोचत नाही अशा प्लॉटिंगमध्ये जाईल आणि टँकर मागवील. नाहीतर गोदावरीच्या पूररेषेत जाईल, कारण तिथे प्लॉट स्वस्त मिळतो. मग विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की त्याला शाळेत हलवायचं, पंचनामा करायचा, सानुग्रह अनुदान द्यायचं. त्या सगळ्या खर्चात हायड्रंट आणि जाड ड्रेनेज लाइन कितीदा बसेल, हे लेखा विभागाने एकदा मांडून बघावं.

एक परदेशी उदाहरण, कारण मंत्रालयात त्याला वजन असतं. अमेरिकेत ह्यूस्टन नावाचं पसरट शहर आहे, मोटारीशिवाय पान हलत नाही असं. १९९८ मध्ये त्यांनी शहराच्या मधल्या भागात घरासाठीचा किमान प्लॉट ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणला. एका प्लॉटवर तीन-तीन घरं उभी राहिली. आमच्याकडे चौदाशे फुटांच्या प्लॉटवाल्याला गल्लीत बंगलेवाला म्हणतात. पण त्यांनी जे केलं ते आपल्याला लागू आहे. त्यांनी मोठी योजना काढली नाही, उद्घाटन केलं नाही. लहान माणसाला अडवणारा आकडा खाली केला.

राज्याचं २०२५ चं गृहनिर्माण धोरण मी वाचलं आहे. ‘माझे घर, माझे अधिकार’, २०३० पर्यंत पस्तीस लाख घरं. त्यातली किती आमच्या गच्च्यांवर अर्धी बांधून तयार आहेत, याची मोजदाद कुणी केली नसावी. जमीन आहे, पाया आहे, नळ आहे, वीज मीटर आहे, सळया आहेत.

दोन्ही आयुक्तांना विनंती अशी की नियम बदलायची वाट न बघता आपापल्या शहरातली एकेक गल्ली नमुन्याला घ्या. मी माझ्या बाजूने एका गल्लीची मोजणी करून ठेवली आहे : बेचाळीस प्लॉट, रुंदी साडेसात मीटर, एका टोकाला सहा मीटर ८० सेंटीमीटर, कारण तिथे एकाने पायऱ्या पुढे काढल्या आहेत. एकोणतीस घरांवर सळया आहेत. नकाशा तयार आहे, उत्तरेचा बाण मोठा काढला आहे. एखाद्या सकाळी नळाला पाणी सुटायच्या वेळी या, म्हणजे सगळी गल्ली बाहेर भेटेल. टेप माझ्याकडे आहे. चहा दिवाणजींकडे; त्यांना मी सांगितलंय की उत्तर येईपर्यंत सळयांना घोळ फासून ठेवा.

आपला,
एक परवानाधारक अभियंता, नांदेड